जुन्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर गेला? नागपूरकर गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर खाली उतरतात, आणि कार एसीच्या गॅरेजसमोर गाड्या लागतात. त्यातल्या बऱ्याच दहा-पंधरा वर्षं जुन्या असतात आणि मालकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, "कॉम्प्रेसर गेला, बदला." आमच्याकडे रोज विचारले जाणारे प्रश्न खाली आहेत. उत्तरं इंजिनच्या बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांपुरती आहेत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो, तेलही वेगळं लागतं. ती गाडी त्याच कामाच्या माणसाकडे न्या.

एसी थंड करत नाही, म्हणजे कॉम्प्रेसरच गेला ना?

नाही. बहुतेक वेळा आजार दुसराच निघतो. इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबा आणि बोनेटमधून "टक" आवाज येतो का ऐका. तो मॅग्नेटिक क्लच पकडल्याचा, म्हणजे बेल्टवरची पुली चुंबकाने कॉम्प्रेसरला जोडली गेल्याचा आवाज. टक येत नसेल तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, वायर किंवा कमी झालेला गॅस, यातलं काहीही असू शकतं. गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विच मुद्दाम क्लच लागू देत नाही, कारण तसाच चालला तर कॉम्प्रेसर जळेल. काही मिस्त्री हा स्विच "डायरेक्ट" करून देतात. गाडी दोन दिवस थंड करते आणि मग खरोखरच कॉम्प्रेसर जातो. असं डायरेक्ट केलेलं दिसलं तर आधी ते काढायला लावा.

टक आवाज येतोय, पाइपही हाताला गार लागतोय, पण आत वारा कोमट येतोय? मग केबिन फिल्टर धुळीने बुजलाय का आणि हीटरचा फ्लॅप अर्धवट उघडा राहिलाय का ते बघा. या कामाचा खर्च कॉम्प्रेसरच्या पासंगालाही पुरत नाही.

मग खरोखर गेलाय हे ओळखायचं कसं?

चार खुणा आहेत. पहिली म्हणजे जाम होणं. एसी लावला की बेल्ट किंचाळतो, रबर जळल्याचा वास येतो, इंजिन दबतं किंवा बंदच पडतं. इंजिन बंद करून, चावी काढून क्लचची पुढची प्लेट हाताने फिरवा. चांगल्या कॉम्प्रेसरची प्लेट थोडा जोर लावला की सारखी फिरते. हलतच नसेल किंवा अडखळत, खरखरत फिरत असेल तर निदान झालं.

दुसरी खूण आवाज. एसी बंद असतानाही घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग गेलंय. एसी लावल्यावरच खडखड येत असेल तर पोटातलं काहीतरी झिजलंय. तिसरी खूण गेजवर, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरवर दिसते. क्लच लागलेला आहे, इंजिन रेस केलंय, तरी लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारा गॅस) आणि हाय साइड (दाबून निघणारा गॅस) यांचे काटे एकमेकांच्या जवळच घुटमळतात. म्हणजे कॉम्प्रेसर फिरतो, पण दाबत नाही. चौथी खूण म्हणजे क्लचच्या मागे आणि बोनेटच्या आतल्या बाजूला रेषेत उडालेलं तेलकट काळं. ते शाफ्ट सील गळण्याचं लक्षण.

सकाळी मस्त थंड करतो, दुपारी दोनला बंद पडतो. संध्याकाळी पुन्हा चालू! हे काय आहे?

ही आपल्या भागातली खास तक्रार, आणि ऐकली की मी आधी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्या, हातात घेतो. क्लचची प्लेट आणि पुली यांच्यात साधारण ०.३ ते ०.६ मिमी फट असते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. कॉइल गार असते तेव्हा तिचं चुंबक वाढलेल्या फटीतूनही प्लेट ओढून घेतं. दुपारी बोनेटखाली सगळं तापलं की कॉइलच्या तारेचा रोध वाढतो, करंट कमी होतो, चुंबक ढिलं पडतं आणि प्लेट सुटते. बऱ्याच गाड्यांत प्लेटखालची एक पातळ शिम (चकती) काढली की फट कमी होते आणि काम भागतं. गॅसला हातही लावावा लागत नाही. या तक्रारीवर कॉम्प्रेसर बदलायला सांगत असतील तर दुसऱ्या ठिकाणी दाखवा.

कॉइल मीटरवर साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलेली आहे. कॉइल, पुली आणि प्लेट हा क्लचचा सेट बऱ्याच मॉडेलना सुटा मिळतो. अर्थात पोटात खडखड असेल तर क्लचवर पैसे घालू नका. आणि काही गाड्यांत क्लचच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि व्हॉल्व्ह त्याचा दाब कमी-जास्त करतो. तिथे आधी तो कंट्रोल व्हॉल्व्ह तपासावा लागतो.

कॉम्प्रेसर जातो तरी कशाने?

वयाने मरणारे कॉम्प्रेसर थोडे. बाकीच्यांना कुणीतरी मारलेलं असतं, आणि तो मारेकरी न सापडता नवा बसवला तर नव्याचाही बळी जातो. या पानावरचं एकच उत्तर नीट वाचणार असाल तर हे वाचा.

कॉम्प्रेसरला इंजिनसारखा वेगळा ऑइल पंप आणि चेंबर नसतो. तेल गॅसबरोबर पूर्ण सर्किटमध्ये फिरतं आणि परत येऊन आतल्या पिस्टन-बेअरिंगना ओलं ठेवतं. गॅस गळतो तेव्हा थोडं तेलही जातं. उरलेला गॅस कमी असला की उरलेलं तेलही परत येत नाही, डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्येच पडून राहतं. कॉम्प्रेसर कोरडा चालतो, तापतो, धातूवर धातू घासतो.

आता आपली सवय बघा. दर मार्चमध्ये "गॅस टॉप-अप" मारायचा आणि वर्ष काढायचं. पण गॅस हे पेट्रोल नाही, तो वापरून संपत नाही. ओ-रिंग आणि रबरी पाइपातून वर्षाकाठी अगदी थोडा झिरपतो, तेवढं चालतं. दरवर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, आणि त्या लीकेजमधून दरवर्षी तेलही चाललंय. टॉप-अपमध्ये तेल किती गेलं हे कुणी मोजत नाही. तीन-चार उन्हाळे असे काढले की एक दिवस वर्धा रोडवर, उड्डाणपुलाच्या मध्यावर, बेल्ट किंचाळतो.

दुसरा मारेकरी म्हणजे कंडेन्सरचा पंखा. रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते तो कंडेन्सर. गॅसमधली उष्णता तिथून बाहेर जाते. सिग्नलवर गाडी उभी असताना वारा फक्त पंख्याचा. पंखा मंद झाला किंवा बंद पडला की हाय साइडचं प्रेशर झपाट्याने चढतं. त्यात आपल्याकडची धूळ. सिमेंट रोडची कामं बारमाही चालू, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडे रोज जाणाऱ्या गाड्यांच्या जाळीत तर राख घट्ट बसलेली सापडते. समोरून जाळी स्वच्छ दिसते. टॉर्च मारून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बघा, तिथे गोधडी विणल्यासारखा थर असतो. हलक्या पाण्याने धुवून घ्या. जोराचा प्रेशर वॉश मारला तर पातळ फिन्स आडव्या होतात आणि वारा कायमचा अडतो.

तिसरा, जास्त भरलेला गॅस. चौथा, सर्किटमध्ये शिरलेली हवा आणि ओल, जी तेलाबरोबर मिळून ॲसिड तयार करते. पाचवा, चुकीचं तेल.

नवा घ्यावा, रिकंडिशन की भंगारातला?

माझं मत स्पष्ट आहे: गाडी अजून तीन-चार वर्षं वापरायची असेल तर नवा. तो कंपनीच्या डब्यातलाच हवा असं नाही. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांना सुब्रोस, इतर काहींना डेन्सो किंवा सँडेन असे मूळ पुरवठादार असतात. त्यांचाच माल खुल्या बाजारात थोडा कमी दरात मिळतो. जुन्या कॉम्प्रेसरवरच्या लेबलचा नंबर, पुलीच्या खाचा आणि कनेक्टर जुळतात का बघा. दिसायला सारखा पण एक खाच कमी असलेला कॉम्प्रेसर बेल्ट खातो.

रिकंडिशनमध्ये सगळं करणाऱ्याच्या हातावर असतं. नुसतं सील आणि बेअरिंग बदलून रंग मारलेला असेल तर तो जुनाच कॉम्प्रेसर आहे. आत काय बदललं हे विचारा, आणि उत्तर गोलमोल आलं तर उठा.

भंगारातला घ्यायचाच तर तोंडं बंद असलेला घ्या. पाइपाची भोकं उघडी ठेवून महिनोन्‌महिने शेडमध्ये पडलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलाने एक अख्खा पावसाळा प्यायलेला असतो.

कॉम्प्रेसर सांगितला तर मिस्त्रीने ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, कंडेन्सर अशी यादीच लावली. लुटतोय का?

अर्धी यादी तर हवीच. ड्रायरमध्ये ओल शोषणारे दाणे असतात. सर्किट उघडलं की ते हवेतली ओल पिऊन संपतात. त्यामुळे ड्रायर नवा हवाच, आणि उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंगही. बऱ्याच गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्या कडेला नळीत असतो आणि आतली पिशवी बदलता येते.

उरलेली यादी खरी की खोटी हे एका फडक्यावर ठरतं. गॅस काढून घेतल्यावर कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरला जाणारा पाइप सोडवा आणि त्याच्या तोंडात पांढरं फडकं बोटाने फिरवा. हे तुमच्यासमोर करायला सांगा. स्वच्छ, पिवळट तेल आलं तर कंडेन्सर वाचला. राखाडी चमकी आली आणि बोटांत चोळल्यावर बारीक वाळूसारखी लागली तर कॉम्प्रेसरने आपलं पोट पूर्ण सर्किटमध्ये ओकलंय. काळी घट्ट पेस्ट आली तर तेल जळलंय. या दोन्हींत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये बारीक भोकातून गॅस सोडणारा) आणि कंडेन्सर बदलावेच लागतात. जुन्या जाड नळीच्या कंडेन्सरमधून फ्लश (आतून धुणारा द्रव) मारून कचरा काढता यायचा. गेल्या बऱ्याच वर्षांपासून जे कंडेन्सर येतात त्यांच्या नळ्यांत केसासारखी बारीक समांतर भोकं असतात. फ्लश मोकळ्या भोकांतून निघून जातो आणि अडकलेली चमकी जागेवरच राहते. पुढे सुटते ती नव्या कॉम्प्रेसरच्या पोटात जायला.

कूलिंग कॉइल आणि पाइप फ्लश होतात, पण एसीच्याच फ्लशने आणि नंतर नायट्रोजन मारून. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नको. कूलिंग कॉइलसाठी बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड खोलावा लागतो. मजुरी तिथेच वाढते, हे एस्टिमेटच्या आधीच बोलून घ्या.

तेल किती आणि कोणतं?

कॉम्प्रेसरच्या लेबलवर लिहिलेलं असतं तेच. आर-१३४ए हा एसीचा गॅस असलेल्या गाड्यांत पॅग नावाचं कृत्रिम तेल चालतं. डेन्सोच्या बऱ्याच कॉम्प्रेसरना पॅग ४६ पातळ, सँडेनच्या बऱ्याच जुन्या मॉडेलना पॅग १०० जाड. सगळ्या गाड्यांना एकाच डब्यातून तेल ओतणारा माणूस दिसला तर गाडी तिथे सोडू नका. पॅग हवेतली ओल झपाट्याने ओढतं. त्यामुळे डबा अर्धा उघडा राहिला असेल तर ते तेल वापरू नये.

नवा कॉम्प्रेसर बहुतेक वेळा पूर्ण सर्किटचं तेल भरूनच येतो. सर्किट नीट फ्लश झालं असेल तर तेवढंच राहू द्यायचं. फ्लश केलं नसेल तर जुन्यातून निघालेलं तेल मापात मोजायचं आणि नव्यातलं जादा काढून टाकायचं. तेल कमी पडलं तर कॉम्प्रेसर जातो, जास्त झालं तर ते कूलिंग कॉइलच्या आत पसरतं आणि थंडावा घटतो. बसवल्यावर, गॅस भरण्याआधी, प्लेट हाताने दहा-बारा वेळा फिरवायची, म्हणजे साचलेलं तेल पहिल्या झटक्यात पिस्टनसमोर येत नाही.

व्हॅक्यूम किती वेळ मारायचा? मिस्त्री दहा मिनिटांत उरकतो.

व्हॅक्यूम म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने सर्किट रिकामं करणं. दहा मिनिटांत हवा निघते, ओल नाही. व्हॅक्यूम खोल गेला की पाणी साध्या तापमानालाही उकळून वाफ होतं आणि पंप ती ओढून घेतो. याला वेळ लागतो. निदान अर्धा तास, पावसाळ्यात किंवा सर्किट बरेच दिवस उघडं असेल तर तास. मग पंप बंद करून काटा पंधरा-वीस मिनिटं जागेवर राहतो का बघायचं. त्याआधी नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासले असतील तर उत्तम.

गेजबद्दल एक गोष्ट. पुस्तकात व्हॅक्यूम २९.९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे काटा साडेअठ्ठावीसच्या आसपास थांबतो. पंप खराब आहे म्हणून भांडू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर आहे आणि उन्हाळ्यात हवेचा दाब आणखी कमी असतो. काटा त्यापुढे जाणारच कसा?

गॅस बरोबर भरला हे मला कसं कळणार?

वजनाने. बोनेटखाली किंवा समोरच्या पट्टीवर स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. लहान हॅचबॅकला साधारण ३५० ते ५५० ग्रॅम, मागेही एसी असलेल्या मोठ्या गाड्यांना बरंच जास्त. सिलिंडर किंवा मशीन काट्यावर ठेवून भरायला सांगा.

फक्त काटे बघून अंदाजाने भरणं आपल्या हवेत फार फसवं. गाडी बंद असताना आर-१३४ए चा दाब तापमानावर ठरतो. आत थोडा जरी द्रव गॅस असला तरी ३० अंशांना ९७ पीएसआयच्या आसपास आणि ४५ अंशांना दीडशेच्या आसपास काटा दिसेल, गॅस निम्मा असो की पूर्ण. "बघा भाऊ, दीडशे दाखवतोय, फुल आहे" हे मेच्या दुपारी कुणीही म्हणू शकतो.

नव्वदच्या दशकातली गाडी आहे. तिचा गॅस मिळतच नाही म्हणतात.

त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत आर-१२ होता. ओझोनचा थर खराब करतो म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार भारताने सीएफसी २०१० पर्यंत बंद केले. अशी गाडी आर-१३४ए वर नेता येते. त्यासाठी जुनं मिनरल तेल पूर्ण काढावं लागतं, कारण ते नव्या गॅसमध्ये मिसळत नाही आणि कॉम्प्रेसरकडे परत येत नाही. ड्रायर, ओ-रिंग आणि सर्व्हिस पोर्टची तोंडं बदलतात. गॅस जुन्या वजनाच्या ८० ते ९० टक्के भरतात. थंडावा थोडा कमी मिळतो. कॉम्प्रेसर बदलायची वेळ आलीच असेल तर हे काम त्याच वेळी करा.

स्वस्तातला गॅस मिळतोय. आणि ते लीकेज बंद करणारं औषध?

दोन्ही नको. अगदी स्वस्त सिलिंडरमध्ये भेसळ सापडते. काहींत जळणारे वायू असतात, काहींत मिथाइल क्लोराइड, जे ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करून स्फोटक संयुगं तयार करतं. तुमचा कंडेन्सर ॲल्युमिनियमचाच आहे. लीकेजच्या औषधाने एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं बारीक भोक बुजू शकतं, आणि पुढच्या गॅरेजचं गॅस काढण्याचं मशीनही.

घरी स्वतः बदलता येईल का?

नट-बोल्टाचं काम येईल, गॅसचं नाही. द्रव गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. ज्वाळेजवळ तो विषारी होतो. त्यामुळे जवळ वेल्डिंग नको, बिडी-सिगारेट नको. हवेत सोडून देऊ नका, मशीनने काढून घ्यायला लावा.

सगळं झालं. आता ४५ अंशांत किती थंड व्हायला हवं?

मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश बघितलेत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तेवढ्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीकडून पाच मिनिटांत थंडी मागू नका. आधी काचा उघडून आतली वाफ जाऊ द्या, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवणारं बटण लावा. अशा दुपारी चालत्या गाडीत मधल्या जाळीतून १० ते १५ अंशांची हवा आली तर एसी ठीक आहे. सिग्नलवर कोमट आणि वेगात गार होत असेल तर पुन्हा पंख्याकडे बघा.

गाडी पंधरा वर्षांची होतेय. एवढा खर्च करावा का?

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे आरटीओत फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. इंजिन आणि पत्रा चांगला असेल आणि नूतनीकरण करणारच असाल तर खर्च करा. वर्षभरात विकणार असाल तर करू नका, तो पैसा विक्रीत परत येत नाही. एसी बंद ठेवून गाडी चालवायची असेल तर आधी बेल्ट बघा. कॉम्प्रेसरचा बेल्ट वेगळा असेल तर काढून टाकता येतो. त्याच बेल्टवर अल्टरनेटर किंवा वॉटर पंप असेल तर पुलीचं बेअरिंग (किंवा क्लच नसलेल्या गाडीत कॉम्प्रेसर) जाम झालं की गाडी रस्त्यातच उभी राहील. समृद्धीवर जायच्या आदल्या दिवशी हे तपासायचं राहू नये.

नवा बसवल्यावर काय सांभाळायचं?

पहिल्यांदा एसी लावताना काही मिनिटं गाडी आयडलवरच ठेवा, रेस करू नका. डिसेंबर-जानेवारीत एसी महिनोन्‌महिने बंद असतो आणि शाफ्ट सील कोरडं पडतं. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा. काचेवरची वाफही जाते. आणि काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करून घ्या. एप्रिलमध्ये मिस्त्रीकडे व्हॅक्यूमला अर्धा तास द्यायला वेळ नसतो, हे त्याच्या बाजूने सांगतोय.

बिलावर काय लिहून घ्यावं?

कॉम्प्रेसरचा पार्ट नंबर, गॅसचा प्रकार आणि ग्रॅम, तेलाचा प्रकार आणि मिली, ड्रायर बदलल्याची नोंद. नवा कॉम्प्रेसर परत गेला तर वॉरंटीसाठी विक्रेता पहिल्यांदा ड्रायरचं आणि फ्लशचं बिल मागतो. जुना कॉम्प्रेसर गाडीतच टाकून मागा. भंगारात द्यायचा असला तरी तो तुमचा आहे.